वावभर जास्त

उस्मानने उभ्या हयातीत पडद्यावर एकही चुंबन जाऊ दिलं नाही. कुवेतच्या एका थिएटरात तो ऑपरेटर, मी एसीवाला जयराम. मॅनेजर यूसुफ नवा सिनेमा आधी एकटा बघायचा, नको तिथे हात वर करायचा, आणि उस्मान तेवढी फिल्म कापायचा. तेवढीच कापली असती तर कशाला बोललो असतो? दाभोळच्या खलाशाचा पोर तो. दोन्ही हात पसरून दोर मोजावा तशी पुढेमागे एकेक वाव फिल्म जास्त उडवायचा.

"वावभर जास्त गेला तर कोण इचारत नाय," म्हणायचा. "बोटभर ऱ्हायला तर अकामा जातो."

अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माणूस विमानात. तरी मला त्याच्या भित्रेपणाची चीड यायची.

त्याची मुलगी बुशरा वेगळ्याच मातीची. इथेच कुवेतमधल्या फरवानियात वाढलेली, बापाला इंग्रजीत उत्तरं देणारी. लंडनला मावशीकडे राहून अकाउंट्स शिकायला गेली आणि शाळकरी पोरांच्या एका विनोदी सिनेमात शिरली. आईला फोनवर सगळं सांगायची. दिग्दर्शिका पूर्वी शाळेत मास्तरीण होती, शूटिंग सुट्टीत बंद असलेल्या शाळेत चालायचं, गणवेश कमी पडले तेव्हा पोरांनी घरून आपापले जुने आणले, आणि कॅमेरावाला सकाळी सगळ्यांना ऑम्लेट करून घालायचा. बिल्कीसभाभी हे अख्ख्या बिल्डिंगला ऐकवायच्या. उस्मानने मात्र पोरीशी बोलणं टाकलं होतं.

"तो सिनेमा हितं आलाच," तो मला म्हणाला, "तर माझ्या हातानं कापीन तिला."

आणि दोन हजार एकच्या हिवाळ्यात सिनेमा आला. भाभींनी गुरुवारच्या पहिल्या खेळाची तिकिटं सगळ्या शेजारणींसाठी काढली.

यूसुफ खाली बघायला बसला, तेव्हा मी एसीचं निमित्त करून कॅबिनमध्ये घुसलो. चौथ्या रिळात शाळेच्या जिन्यावर एक मुलगा आणि एक मुलगी जवळ आली. यूसुफचा हात वर गेला. ती दोघं दूर झाली, हात खाली आला, आणि तेवढ्यात वरून बुशरा उतरली. अंगभर गणवेश, दोन वेण्या. "जिना चढायला असतो, बाजूला व्हा," असं काहीसं इंग्रजीत खेकसली आणि निघून गेली. संपलं तिचं काम. उस्मान बसल्या जागी पांढरा पडला.

मला कळायला वेळ लागला नाही. पोरीचं सगळं काम चुंबनामागून येणाऱ्या त्या वावात बसत होतं. नेहमीसारखं कापलं तर ती गेली, आणि कोणी त्याला बोल लावणार नव्हतं. हात आखडला आणि चुंबनाचा कण राहिला, तर नोकरी गेली.

"नेम हाय तसा हाय," तो पुटपुटला. "बिल्कीसला काय ते सांगेन."

"नेम यूसुफचा," मी म्हणालो. "वाव तुझा आहे."

त्याने फिल्म उजेडात धरली, हात पसरले आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, कापतोय आता. मग हात हळूहळू जवळ आणले आणि अगदी ओठांच्या कडेला पातं लावलं.

गुरुवारी चौथं रीळ लागलं तेव्हा त्याने पडद्याकडे पाठ केली. मी झरोक्याला डोळा लावला. दोघं जिन्यावर जवळ आली, चित्र टुणकन उडालं आणि बुशरा खेकसली. सगळं थिएटर हसलं. कुटुंबांसाठी राखलेल्या फॅमिलीच्या बाजूला भाभी उभ्या राहून शेजारणींना पडद्याकडे बोट दाखवत होत्या.

"भाभी बघतायत," मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण वळला नाही.

खेळ सुटताच यूसुफ वर आला. "तोंडं जवळ आलेली दिसली, उस्मान. आज सोडतो. पुढच्या खेळाआधी नेहमीसारखं काप."

उस्मानने हात पसरले. छातीसमोर या हातापासून त्या हातापर्यंत त्याची पोरगी होती. मग पातं लावलं. कापलेले तुकडे यूसुफच्या डब्यात जमा करायचे असतात. त्याने हा तुकडा गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नियम मोडला असेल.

शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. फोन वाजला, तेव्हा भाभींच्या हातातून त्यानेच रिसीव्हर घेतला. पलीकडून बुशराने, मलाही ऐकू येईल असं, कधी नव्हे ते आपल्या भाषेत विचारलं, "अब्बा, ठेवलंत की कापलंत?"

"कापलं," तो म्हणाला. "खिशात हायस माझ्या."