प्रिंटरचा पक्का पत्ता

पदर कमरेला खोचून बाई म्हणायच्या, "होणार कसं नाही?" मग समोरच्याला काम हातात घ्यावंच लागे. जव्हारला त्या माझ्या शेजारी राहत आणि मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या एका पाड्यावर शिकवत. मी कॉम्प्युटर क्लास घ्यायचो, त्यामुळे त्यांची अडलेली यंत्रं माझ्याकडेच. अशी शेजारीण तुम्हीही पाहिली असेल.

त्या वर्षी त्यांनी पाड्यावरच्या आज्यांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत टाइप केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आज्या शाळेत यायच्या होत्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी आजीची गोष्ट वाचायला कबूल झाली होती. आणि नेमका बाईंचा घरचा प्रिंटर अडला.

"लाइट जाऊन आली, की कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर सापडत नाही!"

मी पाहिलं. राउटर बंद होऊन सुरू झाला, की प्रिंटरला नवा नंबर देई. कॉम्प्युटर जुन्याच नंबरावर हाका मारत बसे.

"म्हणजे बिऱ्हाड हललं आणि पोस्टमन जुन्याच दारात!" बाई हसल्या.

"याला कायमचा पत्ता देऊ."

राउटर जे नंबर वाटतो त्यांच्या पलीकडचा एक निवडला, शेवटी दोनशे असलेला. बाई आकडे मोठ्यानं वाचत होत्या, मी ते प्रिंटरच्या इवल्या पडद्यावर भरत होतो. तोच नंबर कॉम्प्युटरला दिला. पान आलं!

"थांबा," म्हणत बाईंनी मेन स्विचच पाडला.

"अहो बाई!"

"खरं-खोटं कळायला नको?"

स्विच वर केला. राउटरचे दिवे लागेपर्यंत थांबलो, मग मी पुन्हा पान छापायला पाठवलं. प्रिंटर घरघरला आणि पान सरकत बाहेर आलं. बाईंनी टाळीच वाजवली. "सापडला, सर, सापडला!" आणखी दोनदा स्विच पाडला, दोन्हीदा पान आलं. संध्याकाळपर्यंत पुस्तकं शिवूनही झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या धावतच आल्या. "वाचली पोरीनं गोष्ट! आजीनं मध्येच टोकलं, 'असा नाय, वाघ नदीपल्याड गेला.' तर पोरगी म्हणते, 'गप, पुस्तकात लिवलंय!' सगळा वर्ग हसला, सर, आणि तीही."

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. सामान टेंपोत चढलं, पण प्रिंटर त्यांनी मांडीवर घेतला.

"मागे ठेवा ना, बाई."

"नको, आदळेल." टेंपो सुरू झाला तशा खिडकीतून वाकून ओरडल्या, "तिकडच्या आज्यांच्या गोष्टी वेगळ्या असतील, सर!"

धुरळा बसला, तरी मी रस्त्यातच उभा होतो.