निराशावादी गिदोन

बेलापूरचा गिदोन साळवे आमच्या विहीर खोदणाऱ्या टोळीत अकरा वर्षं होता. सुरुंगांचे आवाज मोजायचं काम त्याच्याकडं होतं. तळातल्या खडकाला आठ भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची. वाती कमी-जास्त लांबीच्या ठेवायच्या, म्हणजे आवाज एकामागून एक येतात. वाती पेटवणारा क्रेनच्या बादलीतून वर आला की सगळे लांब जाऊन बसतात. आठ भोकांचे आठ आवाज यायला पाहिजेत. सात आले तर दोन सुरुंग एकदम उडाले असतील, नाहीतर एक दगडाखाली तसाच जिवंत असेल. त्यावर पहार पडली तर माणूस गेला.

सात आले की गिदोन नेहमी दुसरी शक्यताच धरायचा. "एक ऱ्हायला," म्हणायचा आणि त्या दिवशी कुणाला उतरू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा खाली जायचा आणि हातानं दगड बाजूला करून एकेक भोक तपासायचा. सोबत कुणाला घ्यायचा नाही. असं पंचवीस-तीस वेळा झालं असेल. जिवंत सुरुंग सापडला दोनदा. बाकीच्या वेळी अर्धा दिवस बुडाला, आणि आमची मजुरी फुटावर होती.

राहात्याजवळ एका शिक्षकांची विहीर चालू होती. बावन्न फूट झाले होते, खडक ओला लागला होता. सरांना त्या दिवशी सुट्टी होती, ते सकाळपासून बांधावर बसून होते. दुपारी सुरुंग उडवले. मला सात ऐकू आले.

"आठ झाले," टोळीतला बन्सी म्हणाला. "दोन एकदम उडाले."

"एक ऱ्हायला," गिदोन म्हणाला.

सर वैतागले. "अहो, पाणी हाताशी आलंय आणि तुम्ही काम बंद करता? अगदीच निराशावादी आहात तुम्ही."

"म्हंजी काय, सर?" बन्सीनं विचारलं.

"कशाचाही शेवट वाईटच होणार असं धरून चालणारा माणूस."

"आयला! असला तर आमच्याकडं कवाधरनं हाय. नाव म्हाईत नव्हतं बगा."

सगळे हसले. मीही हसलो.

गिदोन सकाळी सहाला उतरला, दहाला वर आला. दोन नखं उलटली होती. "आठीच्या आठी उडाल्यात," म्हणाला. "एक सापडला" असं खोटंच म्हणाला असता तरी कुणी खाली जाऊन बघणार नव्हतं.

मुकादम गहिनीनाथ तिथंच म्हणाले, "गिदोन, उद्यापासनं बन्सी मोजंल. तू क्रेनवर बस. कुनाला काय म्हनायचंय?"

गिदोननं माझ्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी मी बोटांवर सातच मोजले, हे त्यानं बघितलं होतं. मी पहारीला लागलेली माती खरवडत राहिलो.

क्रेनवर तो बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी सुरुंग झाले, आम्ही चौघं बादलीत उभे राहिलो, पण बादली हलेना.

"मला सात आले," गिदोन म्हणाला.

"तुला आठ कवा आल्यात?" बन्सी बादलीतून ओरडला. "सोड खाली, निराशावादी!"

गिदोन क्रेनचा दांडा धरून तसाच बसला. गहिनीनाथांनी त्याचा हात काढला आणि स्वतः आम्हाला खाली सोडलं. संध्याकाळी आम्ही चौघंही धड वर आलो. गिदोन तोवर निघून गेला होता.

पुढं मी टोळीत होतो ती नऊ वर्षं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गिदोन बरोबर होता असं दाखवणारा एकही दिवस आला नाही. बाजारात भेटला की तो पहिल्यांदा विचारायचा, "सगळी वर हायती ना?" एकदा बन्सी भर बाजारात म्हणाला, "अजून कोन मेलं न्हाई रं, निराशावादी. लई वाट बगतोस व्हय?" त्यानंतर गिदोन बाजारात दिसला नाही. दुसऱ्या टोळीतही गेला नाही. कांद्याच्या वखारीत लागला, तेही सोडलं.

सरांनी सांगितलेला अर्थ पुस्तकात बरोबर असेल. पण वाईट होईल असं धरून जो चार तास दगड उपसतो, त्याला कुणीतरी वाचेल असं वाटत असतं. नाहीतर उपसेल कशाला?

आता टोळी गहिनीनाथांचा मुलगा आदिनाथ चालवतो. गुडघे गेल्यावर मी घरी बसलो. यंदा आदिनाथकडं गेलो आणि गिदोनला परत घे म्हणालो.

"काका, आता बॅटरीवर सगळे एकदम उडत्यात. मोजायचं काय त्यात?"

"भोकं तपासायला माणूस लागतो का नाही?"

"लागतो. मंगळवारी पाठवा त्यांना."

मी बेलापूरला गेलो. गिदोन भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोनं, फिलोमिनानं, मला दारातच सांगितलं, "भाऊजी, तुमीच समजावा. दिसभर असंच बसत्यात. परवा छपराचा पत्रा निसटला, बघितला आन् बसून ऱ्हायले."

मी त्याला आदिनाथचा निरोप सांगितला. त्या दिवशी मलाही सात ऐकू आले होते, हेही सांगितलं. मुकादमांसमोर त्याच दिवशी सांगायचं ते इतक्या वर्षांनी सांगत होतो.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"मग चल. तपासायचं काम आहे. तुझंच काम आहे."

"तपासून काय हुतंय? ज्याला उतरायचं त्यो उतरतोच. मरायचा त्यो मरतोच."

अकरा वर्षांत त्याच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. सरांच्या त्या शब्दात आता तो पुरता बसत होता, आणि त्यात बसवणाऱ्यांत मी होतो. मी आणखी तासभर बोललो. फिलोमिनानं दोनदा चहा केला. गिदोन तो प्याला आणि परत भिंतीला टेकला.

आदिनाथला फोन करून नाही म्हणून कळवलं. "बरं," म्हणाला. भोकं तपासायला त्यानं दुसरा माणूस घेतलेला नाही; सुरुंग उडाले की टोळी तशीच खाली उतरते.