न उघडता सांगितलेली फाईल

संगणकाच्या सी भाषेत फाईल न उघडताच तिचा आकार, शेवटच्या बदलाची तारीख अशी वरवरची माहिती देणारं एक फंक्शन असतं. सत्तरच्या दशकात साताऱ्याच्या कचेरीत ते काम मी करायचो, तेही हातवारे करून! वाईचा एक माजी सुभेदार घरासाठी मागितलेल्या प्लॉटची चौकशी करायला दर सोमवारी यायचा.

"पानं चाळीस, मुक्काम साहेबांचं कपाट, शेवटचा हात लागला फेब्रुवारीत!" मी रजिस्टर बघून गर्जायचो.

"आवं, पर आत लिवलंय काय?"

"सुभेदार, उघडायचा हुकूम नाही!"

सगळी कचेरी हसायची. तोही कसनुसा हसायचा.

दिवाळीनंतर साहेबांनी फाईल उघडली. प्लॉट फेब्रुवारीतच मंजूर झाला होता. त्याचं पत्र आतच पडलं होतं आणि ताबा घ्यायची मुदत संपली होती. पुढच्या सोमवारी मी सुभेदाराला त्याच थाटात फक्त शेवटचा हात लागल्याची नवी तारीख सांगितली.