वृंदाचे टोप

शेवटची भेट झाली तेव्हा वृंदा माझ्यावर चिडली होती. इथे आयर्लंडमध्ये, टॅलाच्या हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून मी डोळे पुसत होते, तर म्हणाली, "रडायचं तर बाहेर जाऊन रड बाप्पा. मला अजून सिरियल बघायची आहे, सईला शेजारी घेऊन." दुसऱ्याच दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याचा, मंदारचा फोन आला. तो नुसतं "ताई..." म्हणाला. मी काय समजायचं ते समजले. सिरियल लागायला अजून महिना होता.

वृंदा मूळची नागपूरची, इथे ओंगार नावाच्या वस्तीत आमच्या शेजारी राहायची. मंदारच्या नोकरीपायी इथे आली आणि घरीच आयब्रो, मेंदी, केस कापणं असं काहीबाही करायची. आम्हा सगळ्या मराठी बायकांची डोकी तिच्या किचनमधल्या खुर्चीतच भादरली गेली. तोंडाची फटकळ, माझ्या केसांना सरळ झाडू म्हणायची. तिच्याकडे येणाऱ्या एका आयरिश बाईनं तिला एका शूटिंगवर नेलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली, त्या काळच्या एका पुढाऱ्याच्या आयुष्यावरची मालिका आणि शूटिंग मात्र आयर्लंडमध्ये! तेव्हाची मोठी माणसं म्हणे केसांचे टोप घालायची. ते टोप विंचरायचे, पावडर मारायची, सकाळी नटांच्या डोक्यावर बसवायचे, हे वृंदाचं काम. "ते तिकडे देश उभा करून राहिले आणि मी खाली पडलेल्या पिना वेचून राहिली," म्हणायची. पण किती खूश होती! या देशात आल्यापासून पहिल्यांदाच तिला सकाळी घराबाहेर पडायची घाई असायची.

शूटिंग संपत आलं आणि दुखणं कळलं. मग तिचे स्वतःचे केस गेले. चांगलासा विग घेऊ या, असं मी म्हटलं तर हसत सुटली. "दुसऱ्यांचे टोप सांभाळून दमली गं मी. मला रुमालच बरा." मागणं एकच होतं. तिची लेक सई दहा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आई घरी बसून लोकांच्या भुवया कोरते, एवढंच तिला माहीत. "मला इथे काय येत होतं, ते एकदा तिला दिसू दे. मी बाजूला असताना दिसू दे," वृंदा म्हणायची. देवानं तेवढंही दिलं नाही. मला त्याचा राग आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही.

मालिका लागली त्या संध्याकाळी मी मंदारकडे गेले. सई आमच्या मधे बसली. शेवटी नावं सरकायला लागली... वृंदाचं कुठेच नव्हतं. हाताखालच्या माणसांची नावं कोण घालतंय! मंदार चहा टाकतो म्हणून किचनमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

सईनं रिमोट घेतला, मालिका मागे नेली आणि एका जागी थांबवली. पुढारी सभेत बोलत होता, आपल्याकडे पाठ. टोपाची शेपटी काळ्या रिबिनीनं बांधलेली, रिबिनीचं एक टोक आखूड, दुसरं वळसा घेऊन आत खोचलेलं.

"दॅट्स माइन," सई म्हणाली. "मम्मा डिड माय हेअर लाइक दॅट. फॉर स्कूल."

मी नीट पाहिलं. खरंच, रोज सकाळी बसस्टॉपवर मी तीच गाठ तर पाहत आले होते.

सई आत जाऊन स्वतःची रिबीन घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "मावशी, डू इट."

मी पडद्याकडे बघून बांधायला घेतली. एकदा सैल झाली, एकदा निसटलीच. तिथे गाठ दिसत होती, पण ती घालताना वृंदा बोटं कशी फिरवायची ते कुठून दिसणार? सई मान ताठ ठेवून बसली होती. आईनं शिस्त लावलेली असणार.

"इट्स ग्रँड, मावशी," इथले लोक 'चालेल' म्हणतात तसं, ती माझीच समजूत काढत म्हणाली. पण उठली नाही. मी रिबीन सोडली आणि परत पहिल्यापासून बांधायला घेतली.