सही करणारे जिन्याने गेले

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि मतं बाळगतो. पहिलं काम दिवसाचे आठ तास चालतं, दुसरं उरलेले सोळा.

मतं तीनच विषयांवर असतात, पण प्रत्येक विषयाला मजले फार. सरकारबद्दल बोलताना तो उजव्या हाताची मूठ टेबलावर आपटतो. "सरकार म्हणजे काय गं? शिक्का मारणारा हात! त्या हाताला डोळे नसतात, म्हणून तर तो एवढ्या जोरात मारतो." कंपनीबद्दल बोलताना आवाज गोड करतो. "कंपनी कधी चूक करत नाही बरं का. चूक करतो तो खालचा माणूस. तीच चूक वरच्यानं केली की तिला धोरण म्हणतात." आणि माणसाबद्दल बोलताना चष्मा काढतो, कारण हे लांबणार असतं. "पंचवीस वर्षं अडकलेल्या लिफ्टची दारं उघडतोय मी. दार उघडं असेपर्यंत सगळे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'. दार अडकलं की दहाव्या मिनिटाला कोपरं बाहेर येतात."

मामी दुसऱ्याच वाक्याला उठून आत जाते. जाताना तिचं ठरलेलं वाक्य टाकते, "अहो, हे एखाद्या अडकलेल्या माणसाला ऐकवा. त्याला पळता तरी येणार नाही."

मामाच्या धंद्यात एक जुना रिवाज होता. ब्रेकचं काम झालं की लिफ्ट पूर्ण वजनाने भरायची आणि देखभालीच्या कार्डावर ज्याची सही, त्याने सगळ्यात आधी आत बसून वरपासून खालपर्यंत यायचं. मग बाकीच्या जगाने. मामाच्या उस्तादाने त्याला हे शिकवलं होतं, मामाने जोडीदाराला शिकवलं. जोडीदार म्हणजे मामाबरोबर अठरा वर्षं काम केलेला दुसरा मेकॅनिक. नंतर कंपनीत नवा मॅनेजर आला. तो दर वाक्याला 'टीम' म्हणतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव टीमसाहेब. त्याने रिवाज बंद केला. "बघा, ॲज अ टीम आपण वेळ वाचवला पाहिजे. सही महत्त्वाची. बसायचं काय, कोणीही बसेल."

कोणीही म्हणजे एका कचेरीतल्या टायपिस्ट बाई बसल्या.

सात मजल्यांची सरकारी इमारत, आठ माणसांची लिफ्ट. ब्रेकचं लायनर, म्हणजे चाकाला आवळून धरणारी पट्टी, झिजत चालली होती. मामाला ते डोळ्यांआधी कानांनी कळलं. चांगला ब्रेक मजल्यावर 'टक्' असा लागतो. झिजलेला 'ख्र्र... टक्' असा लागतो, आधी किंचित घसरतो आणि मग धरतो. मामाने कंपनीला तीन पत्रं लिहिली, नवं लायनर पाठवा म्हणून. टीमसाहेबांनी तिन्ही वेळा पाठीवर हात ठेवला. "नोट केलंय." मग सरकारी निरीक्षक वार्षिक तपासणीला आले. ते बोलण्याआधी दोनदा घसा खाकरतात आणि मग 'नियमानुसार' म्हणतात. त्यांनी तळमजल्यावरच्या खुर्चीतून लिफ्टकडे एकदा बघितलं, "अं-हं, अं-हं, नियमानुसार समाधानकारक," म्हणाले आणि सही केली. अडकल्यावर बोलायचा फोनही त्यांना समाधानकारक वाटला. त्या फोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

बारा दिवसांनी आठ माणसांनी भरलेली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर न थांबता खाली गेली आणि तळाशी आदळली. सात जणांना मुका मार लागला. टायपिस्ट बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. दार वाकून बसलं होतं. आतला दिवा गेलेला, पंखा बंद, फोन मुका. जोडीदाराने दार कापून उघडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या वेळात बाकीचे सात जण बाईंच्या पायावरून दाराकडे सरकत होते. मामाचं कोपरांचं मत खरं ठरलं.

मग कागद बोलू लागले. कंपनीने कळवलं, मेकॅनिकचा निष्काळजीपणा. निरीक्षकांनी कळवलं, तपासणीच्या दिवशी ब्रेक उत्तम होता, नंतर मेकॅनिकने बिघडवला असावा. मामाची तीन पत्रं कंपनीच्या फायलीतून नाहीशी झाली. आणि जोडीदाराने लिहून दिलं की अशी पत्रं लिहिल्याचं त्याने कधी पाहिलं नाही. तिसरं पत्र त्यानेच नेऊन दिलं होतं. मामाचा परवाना काढून घेतला आणि सुनावणीची तारीख दिली. सुनावणी हरला असता, तर त्याला पुन्हा कधी लिफ्टला हात लावता आला नसता.

मामा आधी टायपिस्ट बाईंना भेटायला गेला. मी आणि मामी बरोबर होतो. बाई पलंगावर, पाय उशांवर. मामाने पत्रांचं सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टाइप केल्यासारखं एकेक शब्द तोडत विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो. पण मी लिहिलं होतं..."

"लिफ्टचा मेन स्विच कुणाच्या हातात असतो?"

"माझ्या."

"मग?"

मामाकडे सरकारवर, कंपनीवर, माणसावर मत आहे. ह्याच्यावर नव्हतं. चष्मा पुसत म्हणाला, "नोकरी जाईल असं वाटलं."

"गेलीच ना?" बाई म्हणाल्या. "माझा पाय घेऊन गेली."

घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाला, "त्या दोघांना सोडणार नाही. तिसऱ्यालाही." जोडीदाराची आठवण झाल्यावर त्याने चप्पल भिंतीवर मारली.

सुनावणी त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर होती. लिफ्ट आदल्याच आठवड्यात चालू झाली होती. दारावर प्रमाणपत्र लावलं होतं, नवीन लायनर बसवलं, फोन चालू, समाधानकारक. खाली टीमसाहेबांची सही, निरीक्षकांची सही, जोडीदाराची सही.

मामा दोन तास आधी गेला. आम्ही लिफ्टसमोरच्या बाकावर बसलो. लिफ्ट खाली आली.

ख्र्र... टक्.

मामाने माझ्याकडे बघितलं. मी तोच आवाज तोंडाने काढून दाखवला. त्याने मान हलवली.

तो रखवालदाराकडे गेला. "लिफ्ट बंद करा. ब्रेक तोच आहे."

"साहेबांनी पास केलीय. तुमच्याकडे परवाना आहे का?"

परवाना नव्हता. मग मामा दारातच उभा राहिला. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन असतं. चार माणसं आत असली की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि ब्रेकला जवळपास काम उरत नाही. आठ भरली की लिफ्ट खाली ओढते, एकटं माणूस असलं की वर. मामाने दोन तास माणसं मोजून आत सोडली. "चारच. तुम्ही पुढच्या खेपेला. नाही ताई, एकट्या नका जाऊ, थांबा, अजून तिघं येऊ देत." लोकांना वाटलं, नवा लिफ्टमन आलाय, जरा खडूस आहे. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई एकट्याच आल्या. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, भिंतीला हात लावत चालणाऱ्या. मामा, मामी आणि मी त्यांच्याबरोबर आत शिरलो. वर सोडून मामा पुन्हा खाली.

आणि प्रत्येक खेपेला तो जिन्याकडे बघत होता.

सुनावणी सुरू झाली तेव्हा टीमसाहेबांच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उठला होता. निरीक्षकांना खाकरायला श्वास पुरत नव्हता. जोडीदार खांबाला टेकून उभा. अधिकारी बाईंनी कागद उलटले. "मेकॅनिक, तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं नाही, बाई. एक प्रश्न आहे. ह्या तिघांना विचारा, तुम्ही वर कसे आलात?"

"ह्याचा काय संबंध?" टीमसाहेब म्हणाले. "ॲज अ टीम आम्ही फिटनेसला..."

"जिन्याने?" बाईंनी विचारलं.

"हो, म्हणजे... सवय."

निरीक्षकांनी घसा साफ केला. "अं-हं. मलाही नियमानुसार, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार..."

"सात मजले?" अधिकारी बाईंनी चष्म्यावरून त्यांच्या पोटाकडे बघितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती मामी होती.

मामा उठला. "बाई, मी नऊ वाजल्यापासून खाली उभा आहे. एकशे बारा माणसं लिफ्टने वर आली. तीन जिन्याने आली. लिफ्ट सुरक्षित आहे अशी ह्या इमारतीत तिघांचीच सही आहे. तेच हे तीन."

बाईंची पेन्सिल थांबली. "मी लिफ्टने आले," त्या हळूच म्हणाल्या. मग तिघांकडे वळून एवढंच विचारलं, "तुम्ही मला खाली जिन्यापाशी दिसलात तेव्हा नमस्कार केलात. लिफ्टने जाऊ नका, असं का नाही म्हणालात?"

मामा जोडीदारासमोर जाऊन उभा राहिला. "ह्या दोघांचं मला काही नाही रे. ते मला ओळखतही नाहीत. पण सही करणारा पहिला बसतो, हे तुला कुणी शिकवलं होतं?"

जोडीदाराचा चेहरा पडला. "लायनर आलंच नाही," तो जमिनीला म्हणाला. "जुनंच घासून परत लावलं. साहेबांनी सांगितलं, सही कर नाहीतर तूही जा. पत्रं मी पाहिली होती. तिसरं मीच दिलं होतं."

"हे टीमस्पिरिट नाही!" टीमसाहेब ओरडले.

बाईंनी तिथल्या तिथे लिफ्ट बंद करवली आणि ब्रेक उघडवला. लायनर झिजून त्याला धरणाऱ्या खिळ्यांपर्यंत, म्हणजे रिव्हेटपर्यंत आलं होतं. मामाचा परवाना त्याच दिवशी परत मिळाला. बाईंनी विचारलं, आदेशात आणखी काही लिहायचं आहे का? माफीनामा वगैरे?

"माफी नको. कंपनीकडे छापील असते," मामा म्हणाला. "रिवाज लिहा."

त्यांनी लिहिला. नवीन लायनर बसल्यावर जे जे सही करतील, ते पूर्ण वजनासह सगळ्यात आधी बसतील.

निरीक्षकांची चौकशी लागली होती, पण चौकशी संपेपर्यंत सही करायला त्या खात्यात दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्यांनाच पाठवलं. मामाला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "बघ! बघ! शिक्क्याला डोळे नसतात!" तो टेबल बडवत होता.

चाचणीच्या सकाळी पाच गोण्या वाळू आत ठेवल्या. मग सही करणारे तिघे, टीमसाहेब, निरीक्षक आणि मामा. जोडीदार वर मशीन रूममध्ये. टायपिस्ट बाई कुबडी घेऊन आल्या होत्या. रखवालदाराच्या टेबलावर लिफ्टचा फोन वाजतो, त्याच्या शेजारी मामाने त्यांना खुर्ची ठेवली होती, आणि तिथेच मशीन रूमशी बोलायचा दुसरा फोन.

लिफ्ट सातव्यावरून निघाली. सहा. पाच. आणि पाच-चारच्या मधोमध थांबली. टक्. नुसतं टक्. सुंदर.

दोन मिनिटांत फोन वाजला. बाईंनी उचलून आमच्याकडे धरला.

"हॅलो! हॅलो! अं-हं! आम्ही अडकलोय!"

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," बाई म्हणाल्या. "कृपया प्रतीक्षा करा."

मागून मामाचा आवाज आला. "साहेब, अडकलो नाही. ब्रेक धरून आहे, म्हणजे चाचणी पास. फोन लागतोय, तोही पास. दिवा आहे, पंखा आहे. गेल्या खेपेला एका बाईंना ह्यातलं काही मिळालं नव्हतं. बसा गोणीवर. वेळ आहे. तर सरकार म्हणजे काय, साहेब? शिक्का मारणारा हात..."

मामीने डोक्याला हात लावला. "आता सुटत नाहीत हे."

पंधराव्या मिनिटाला सरकार संपलं आणि कंपनी सुरू झाली. विसाव्या मिनिटाला टीमसाहेब म्हणाले, "प्लीज, मला बाहेर काढा, बाकीच्यांचं नंतर बघा." त्यावर निरीक्षक घसा न खाकरता ओरडले, "आधी मी! मी सरकारी माणूस आहे!" मग झटापटीचा आवाज, एक गोणी पडल्याचा, आणि मामाचा आनंदाने भरलेला सूर, "कोपर! बघितलंत? कोपर!"

बाई घड्याळ बघत होत्या. चाळीस मिनिटं झाली. जोडीदाराने वरून दुसऱ्या फोनवर विचारलं, "लिफ्ट सोडू का, बाई?"

फोनमधून मामा म्हणत होता, "तर आता माणूस. चष्मा काढतो, हे जरा लांबेल..."

बाईंनी मामीकडे बघितलं. "चाळीस मिनिटं त्या दोघांची होती. पण स्विच तुमच्या नवऱ्याच्या हातात होता. त्यांची म्हणून आणखी दहा घेऊ का?"

"वीस घ्या," मामी म्हणाली.