परत केलेला तांबुआ

सकिउसा कोरोइवातू सरकारी कायदा कचेरीत पहिल्यांदा आला, त्या दिवसाची नोंद माझ्या डायरीत एवढीच आहे: सोमवार, स्वच्छ ऊन, नव्या मुलाच्या सँडलमध्ये वाळू. मोतुरिकी बेटावरून सकाळच्या बोटीने तो थेट राजधानीत, सुवाला, कामावर आला होता. मी तिथे टंकलेखिका होते. त्या वाळूचे चार कण माझ्या टेबलाखाली कितीतरी दिवस चमकत राहिले. झाडणाऱ्या बाईला मीच थांबवत असे.

कायद्याचा मसुदा लिहून झाला की तो खिडकीतून बंदराकडे बघत मोठ्याने वाचायचा आणि मग विचारायचा,

"ताई, मामाला कळेल?"

"नाही कळणार," मी म्हटले की पुन्हा लिहायला बसायचा. एकोणीस वर्षे असेच चालले. त्याच्या हातचे कायदे आजही वाचले, तर वाक्ये छोट्या लाटांसारखी येतात. एक फुटते, मग दुसरी.

मामाचे नाव अकुइला. आईबाप गेल्यावर त्यानेच सकिउसाला वाढवले, खोबरे वाळवून विकले आणि लेवुकाच्या शाळेत घातले. माझे माहेर आणि कॉन्व्हेंट शाळाही लेवुकालाच, म्हणून सुट्टीत गावी गेले की माझे यजमान आणि मी होडीने मोतुरिकीला मामाकडे जेवायला हमखास जायचो. मामाकडे मौल्यवान अशी एकच वस्तू होती, एक तांबुआ, म्हणजे देवमाशाचा दात. धुराने आणि तेलाने तो मधासारखा पिवळा झाला होता. काथ्याच्या वेणीला बांधून मामाने तो स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी जपला होता. मेल्यावर रिकाम्या हाताने जायचे नाही, एवढाच त्याचा हट्ट.

सकिउसा न्यायाधीश झाला आणि न्यायाधीशांचा तो पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप घालू लागला, तेव्हा मामाने त्याला अंगणभर हसून घेतले.

"डोक्यावर मेंढीचे केस घालून न्याय करतोस म्हणे! मेंढीला विचारलंस का?"

त्याच वर्षी त्याच्यापुढे खडकांचा खटला आला. नाकोरोसाऊ गाव आणि शेजारचे गाव, दोघांच्या मधल्या प्रवाळखडकांवर मासे कुणी धरायचे, हा वाद अकरा वर्षे चालला होता. सकिउसाने तीन महिने साक्षी ऐकल्या आणि चाळीस पाने लिहिली. त्याच्याबरोबर मीही न्यायालयाच्या कचेरीत आले होते, ती मीच टंकली. निकाल नाकोरोसाऊच्या बाजूने होता आणि शुक्रवारी वाचायचा होता.

त्याआधीच्या रविवारी सकिउसा आणि आम्ही मामाकडे होतो. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेले कसाव्याचे कंद, आणि दारातून आत सरकणारे पाण्याचे हिरवे ऊन. मामाने चटईखालून एक नवा तांबुआ काढून दाखवला.

"कुणी दिला?" सकिउसाने विचारले.

"नाकोरोसाऊची माणसं आली होती. बोलणं काय गोड! तुझ्या नव्या खुर्चीसाठी आणलाय."

"असं म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? सहावा आहे हा. आधीचे पाच गावच्या लग्नाकार्यांत देऊन टाकले, ते काय तुझ्या बायकोच्या केकसाठी आले होते?"

सकिउसाने हातातला घास खाली ठेवला.

"मामा, त्यांचा खटला माझ्यापुढे आहे."

आमच्याकडे मागणे कुणी उघड बोलून दाखवत नाही. दात पुढे करायचा, आडवळणाने नात्याचे चार शब्द बोलायचे. ज्याने दात हातात घेतला, त्याने मागणे मान्य केले. मामाला हे माझ्याहून चांगले माहीत होते. पाच वेळा अभिनंदन ऐकून सहाव्या वेळी त्याचा हात आपोआप पुढे गेला होता.

"मग हरव त्यांना," मामा म्हणाला. "संपलं!"

"हरवलं तर तुझं तोंड काळं. जिंकवलं तर माझं."

"दात परत करू?"

परत केलेला दात म्हणजे भर सभेत मारलेली थप्पड. नातवंडांपर्यंत बोलणे बंद होते. चाळीस पानांत काय आहे ते सकिउसा बोलला नाही, मीही नाही.

शुक्रवारी त्याने भर न्यायालयात सगळे स्वतः सांगितले, मामाच्या नावासकट, आणि खटल्यातून बाजूला झाला. चाळीस पाने त्याने कचेरीमागे जाळली. राख हलकी होती. बराच वेळ ती बंदरावर पाखरासारखी तरंगत राहिली.

मामा मात्र कुणाला न विचारता होडीत बसून नाकोरोसाऊला गेला. त्यांचा दात त्याने त्यांच्यापुढे ठेवला आणि परत करण्याची माफी म्हणून त्यावर स्वतःचा मधाच्या रंगाचा दात ठेवला.

"आता मरताना हातात काय धरशील?" सकिउसाने चिडून विचारले.

"तुझी ती मेंढी दे."

पण त्यानंतर मामा दारात बसून समुद्राकडे बघायचा, तेव्हा मांडीवरचा त्याचा उजवा हात अर्धा मिटलेला असे.

दोन वर्षांनी तो गेला. तोवर दुसऱ्या न्यायाधीशांनी खडक दोन्ही गावांना वाटून दिले होते. अंत्यविधीच्या दुपारी भरतीबरोबर नाकोरोसाऊच्या होड्या आल्या. त्यांचा म्हातारा पुढारी चटईवर गुडघ्यांनी सरकत पुढे आला. त्याच्या दोन्ही हातांत मामाचाच दात होता.

"या वेळी आम्हाला काही मागायचं नाही," तो म्हणाला.

सकिउसाचे हात पुढे होईनात. तो बायकांच्या घोळक्यात बसलेल्या माझ्याकडे वळला.

"ताई, खडकांच्या निकालावर अपिलाची मुदत?"

"अरे, मयताच्या घरी काय हे!" त्याची बायको पुटपुटली.

डायरी पिशवीत होती, पण उघडावी लागली नाही.

"संपली," मी म्हटले. "संपून आज एकेचाळीस दिवस झाले."

त्याने दात दोन्ही हातांनी घेतला, नाकाशी धरून त्याचा वास घेतला आणि मामाच्या अर्ध्या मिटलेल्या बोटांत ठेवला. तो तिथे बरोबर बसला. मग साऱ्या अंगणाने ओंजळी करून मानाच्या टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, खोल. मला वाटले, दूर खडकांवर भरती फुटते आहे.