बसूनही न उतरणारा दम

आमच्या घरात दम लागणं हे दुखणं नव्हतं, काम केल्याची खूण होती. माय बेला गावाकडच्या शेतांत कापूस वेचायला जायची. कापसाचं गठोडं बांधावर आणून टाकलं की खाली बसायची, गडूभर पाणी प्यायची, दम उतरला की पुन्हा ओळीत शिरायची. दवाखान्यात जायचं म्हणजे मजुरी बुडणार, म्हणून कोणी त्याचं नावच काढत नसे. आजीचा दम बसूनही उतरेना, तेव्हाही आम्ही तिला पाणीच पाजत राहिलो. ती गेली.

पुढे मी शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी आवाज खाली करून सांगत नाही. आता शाळेत शिकवते. मायचं वेचायला जाणं थांबलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमची कुत्री चुलीपाशी पोत्यावर आडवी होती. तोंड मिटलेलं, डोळे मिटलेले, पोट मात्र लांबून धावत आल्यासारखं वरखाली. डबा भरता भरता मी ते पाहिलं आणि मग डबा भरणं जमेना.

"चुलीची धग लागून राह्यली तिले," बाबा म्हणाले. "उनाळ्यात तं दिवसभर धापते."

उन्हाळ्यात ती जीभ बाहेर काढून धापते, अंग थंड करायला. पण आदिलाबादच्या थंडीत, तोंड मिटून, झोपेत? पोतं ओढून दाराशी नेलं. फरक नाही. आत गेले, बाहेर आले, परत आत. भाकरीचा तुकडा टाकला, तिनं हुंगलाही नाही. मोबाइलवर मिनिट लावून श्वास मोजले. पन्नासच्या पुढे गेले. झोपलेल्या कुत्र्याचे तिसाच्या आत असावेत, एवढं मी वाचलं होतं. पुन्हा मोजले. तेवढेच.

"डिगरी कुत्रीचा दम मोजाले घेतली का वं?" बाबा हसले.

"हो, त्यालेच घेतली. माय, गठोडं टाकून बसली का तुहा दम उतरे ना? हिच्या डोक्यावर कोणतं गठोडं हाय? मंग हिचा काऊन उतरत नाही?"

माय उठली. खुंटीवरची शाल काढून तिनं कुत्रीला गुंडाळलं आणि स्कूटीवर मागे बसली. "फाटक उघडा," ती बाबांना म्हणाली. "तुमच्या मायच्या टायमालेबी आपून पाणीच पाजत बसलो."

बाबांचं हसू गेलं.

रस्ताभर मी विचारत होते, "पोट हलते का?"

"हलते. तू समोर पाह्य."

आदिलाबादला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कुत्रीचा ओठ उचलला. गुलाबी असायला हव्यात त्या हिरड्या पांढऱ्याफटक. कानामागे गोचीडच गोचीड. गोचिडांचा ताप, अंगातलं रक्त कमी झालेलं, म्हणून श्वास भराभर. "और थोड़ा रुकते तो लाने का काम नहीं था," त्या म्हणाल्या. झोपेतला श्वास असा वाढला, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, खाणं सुटलं, की घरी वाट पाहायची नाही, हेही त्यांनी बजावलं.

सलाईन, इंजेक्शनं, मग घरी गोळ्या. बाबा रोज चिमट्यानं गोचीड काढायचे आणि ती झोपली की पोटावर हात ठेवून बसायचे. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर दारातूनच म्हणाले, "बावीस. पायजे तं मोजून घे, मास्तरीणबाई."

मी मोजले. बावीसच होते.

कुत्री वाचली. दम लागला म्हणून आमच्या घरातून वेळेवर दवाखान्यात पोचलेली ती पहिली.